वाचणं हीच चाल

पडद्यावर गावातला म्हातारा काहीतरी सांगायला लागतो. त्याचं पहिलं वाक्य पुरतं उमटायच्या आत मुलाचा अंगठा बटणावर चार-पाच वेळा आपटलेला असतो. संवादाची चौकट मिटते, मूल धावत सुटतं आणि थोड्या वेळानं अडून विचारतं, "आता कुठे जायचं?" "आत्ता सांगितलं ना त्यानं!" "कोणी?" व्हिडिओ गेम खेळणारं आठ ते पंधरा वर्षांचं मूल ज्या घरात आहे, तिथे हे बोलणं नवं नाही. म्हैसूरला मी भाषा शिकवते. पालक मराठी असोत, कन्नड असोत की तमिळ, भेटले की ही तक्रार निघतेच. तिच्यापाठोपाठ ठरलेला निष्कर्षही येतो, की हल्लीच्या मुलांना वाचायलाच नको.

मला हा निष्कर्ष पटत नाही. वाचल्याशिवाय पुढची चाल सुचणार नाही अशी जागा आली, की हीच मुलं वाचतात, मागे जाऊन पुन्हा वाचतात, एकमेकांना वाचून दाखवतात. अडचण अशी की बऱ्याच गेममध्ये तशी जागा येतच नाही. आणि जिथे येते, तिथे भाषा, अक्षराचा आकार किंवा मजकुराचा वेग आडवा येतो. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत. म्हणून रागावण्याआधी आपल्या मुलाच्या बाबतीत नेमकं काय होतंय ते पाहायला हवं, आणि ते घरच्या घरी पाहता येतं.

संगणकावरचे गोष्टींचे खेळ सुरू झाले तेच अक्षरांतून. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरनं १९७५-७६च्या सुमारास 'कोलॉसल केव्ह ॲडव्हेंचर' लिहिला, तो आपल्या मुलींना खेळता यावा म्हणून. त्यात एकही चित्र नव्हतं. गुहेचं वर्णन वाचायचं, 'उत्तरेला जा', 'दिवा घे' असं टाइप करायचं, की पुढचं वर्णन समोर येई. १९९८मध्ये इंग्रजीत आलेला पोकेमॉनचा 'रेड' हा अख्खा गेम १ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवला होता. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो त्याहून जड भरतो. एवढ्याशा जागेत पात्रांचे आवाज कुठून मावणार? गोष्ट अक्षरांनीच सांगावी लागे, आणि खेळणाऱ्याला ती वाचावीच लागे.

पुढे सीडी आणि डीव्हीडी आल्या, पात्रं बोलू लागली. पण आवाजापेक्षाही मोठा परिणाम केला तो बाणानं. 'द एल्डर स्क्रोल्स' या मालिकेतले दोन गेम लागोपाठ पाहिले की हे लख्ख दिसतं. २००२च्या 'मॉरोविंड'मध्ये एखादं पात्र तुम्हाला तोंडी पत्ता सांगतं: अमुक रस्त्यानं जा, पूल लागेल, पुढे टेकड्यांच्या मधून वळ. ते तुमच्या रोजनिशीत नोंदलं जातं आणि वाट चुकली की ते पान काढून पुन्हा वाचण्यावाचून इलाज नसतो. २००६च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये होकायंत्रावर बाण आला. बाण दाखवेल तिकडे चालत राहिलं की काम फत्ते. सांगणारा काय म्हणाला याला किंमत उरली नाही. हल्लीच्या मोबाइल गेममध्ये तर बाण, चमकणारं बटण, 'इथे दाबा' म्हणून नाचणारं बोट, सगळंच असतं. असे गेम खेळून वाढलेलं मूल वाचत नाही, कारण वाचून काही हाती लागत नाही हे गेमनंच त्याला पढवलेलं असतं. ही सवय इतकी मुरते की पुढे खरोखर वाचायची वेळ आली तरी अंगठा थांबत नाही.

खेळ आणि अक्षर यांचं एकमेकांशी किती जुळू शकतं, हे पाहायला म्हैसूर चांगलं गाव आहे. इथे येणारे मराठी प्रवासी जगनमोहन पॅलेसमध्ये हमखास जातात ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांनी जलरंगात रंगवलेली दिव्याची स्त्री पाहायला. १८६१मध्ये हा महाल बांधणारे तिसरे कृष्णराज वडियार, म्हणजे इथल्या बोलण्यातले मुम्मडी कृष्णराज, खेळांचे मोठे जाणकार आणि नवे खेळ रचणारे होते. महालातल्या रंगमहालाच्या भिंतींवर खेळांचे पट रंगवलेले आहेत. त्यांच्या दरबारात सिद्ध झालेल्या 'श्रीतत्त्वनिधी' या ग्रंथाचा 'कौतुकनिधी' हा भाग खेळांसाठीच आहे. बुद्धिबळाच्या घोड्यानं चौसष्ट घरांत एकेकदाच पाय ठेवून पट पुरा करायचा, हे कोडं त्यांच्या खास आवडीचं. या कोड्यात आपल्याकडे फार पूर्वीपासून अक्षरंही गुंफली गेली आहेत. वेदान्त देशिकांच्या 'पादुकासहस्रा'त एका श्लोकाची ३२ अक्षरं आठ-आठच्या चार ओळींत मांडायची आणि घोड्याच्या चालीनं वाचत जायचं, की दुसरा श्लोक तयार होतो. चाल चुकली तर श्लोक लागत नाही. महाराष्ट्रात ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला गेलेला मोक्षपटही याच जातीचा. त्याच्या घरांत गुणांची आणि दोषांची नावं असत, म्हणजे साप गिळायचा तेव्हा कशापायी गिळला ते पटावरच वाचायला मिळायचं. तोच पट विलायतेची वारी करून साप-शिडी म्हणून परत आला आणि घरांत नुसते आकडे राहिले. म्हैसूरचं रामसन्स कला प्रतिष्ठान जुन्या पटखेळांची प्रदर्शनं भरवतं. सुट्टीत इकडे आलात आणि ते चालू असलं तर मुलांना आवर्जून न्या.

मुलासाठी गेम निवडताना मी हीच कसोटी लावते. यात वाचणं ही शोभेची गोष्ट आहे, की वाचणं हीच चाल आहे?

आधी पारख

गेम निवडण्याआधी मुलाची अडचण कुठली ते ठरवा. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. मूल खेळत असताना शेजारी बसा आणि संवादाची चौकट आली की म्हणा, "माझा चष्मा आत राहिलाय, काय लिहिलंय ते वाच ना." परीक्षा घेतल्याचा सूर मुळीच येऊ देऊ नका. मूल सरळ, अर्थाला धरून वाचून दाखवत असेल तर त्याला वाचता येतं. त्याला गरज वाटत नाही, एवढंच. अशा मुलाला रागावून उपयोग नाही, त्याला दुसरा गेम द्या.

पण ते शब्दाशब्दाला अडखळत असेल, पहिलं अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजानं ठोकून देत असेल, किंवा वाचून झाल्यावर काय वाचलं ते सांगता येत नसेल, तर गोष्ट वेगळी आहे. इथे भाषेचा विचार आधी करावा लागतो. म्हैसूरमधल्या मराठी मुलाचंच पाहा. शाळा इंग्रजी माध्यमाची. कर्नाटकात २०१५च्या कायद्यानं कन्नड शिकणं सक्तीचं, त्यामुळे दुसरी भाषा कन्नड. बहुतेक ठिकाणी तिसरी हिंदी. मराठी घरात बोलण्यापुरती, कानावर पडणारी. या मुलाला गेम जे इंग्रजी वाढतो ते पाठ्यपुस्तकातलं नसतं. त्यात समुद्री चाच्यांची बोली असते, जुन्या राजेरजवाड्यांची भाषा असते, अर्धवट शब्द आणि थट्टा असते. कोल्हापूरच्या किंवा लातूरच्या मराठी शाळेतल्या मुलाची अडचण याहून मोठी. युरोपातल्या तेरा भाषांमधल्या मुलांचं सुरुवातीचं वाचन तपासणारा एक अभ्यास २००३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी मुलांना वाचनाचा पाया पक्का व्हायला बहुतेक भाषांतल्या मुलांच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो असं दिसलं. ती मुलं तर घरीही इंग्रजीच बोलत होती.

आपल्या लिपींनाही वेळ लागतोच. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या वाचनाचा अभ्यास केला, तो २००७मध्ये प्रसिद्ध झाला. काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं मिळून अक्षरांची संख्या शेकड्यांत जाते, त्यामुळे ती ओळख पहिली-दुसरीत संपत नाही, चौथीपर्यंत चालूच राहते, असं त्यात दिसलं. देवनागरीची जातकुळी तीच. तेव्हा तिसरीतलं मूल पडद्यावरच्या तीन ओळी पाहून पळ काढत असेल तर त्याला आळशी म्हणायची घाई करू नका.

अडखळणं सगळ्या भाषांत सारखंच असेल, वय वाढूनही कमी होत नसेल, आणि गोष्ट ऐकून मात्र मुलाला सगळं नीट कळत असेल, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्या. म्हैसूरला मानसगंगोत्रीत अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. १९६५पासूनची ही केंद्र सरकारची संस्था भाषा आणि वाचनाच्या अडचणींवर काम करते. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेची तपासणी होते, आणि महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही मुंबईतच आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश झालेला आहे, त्यामुळे निदान झालं तर शाळेकडे सवलती मागता येतात. गेममध्ये वाचायचं टाळणं हे एकटं लक्षण कधीच पुरेसं नसतं. पण कितीतरी घरांत वाचनाची अडचण पहिल्यांदा नजरेला पडते ती इथेच, कारण शाळेत मूल पाठ करून वेळ मारून नेतं, गेममध्ये ते जमत नाही.

सेटिंगमध्ये पाच मिनिटं

यानंतरचं काम सोपं आहे, पण फार थोडे पालक ते करतात. गेमच्या सेटिंगमध्ये जा. मजकुराचा वेग कमी करता येतो का पाहा. संवाद आपोआप पुढे सरकत असतील तर ते बंद करा, म्हणजे बटण दाबेपर्यंत चौकट थांबून राहील. अक्षरं मोठी करण्याची सोय असेल तर ती वापरा. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली तरी गेममधली बहुधा तशीच बारीक राहतात, हे लक्षात ठेवा. सहा इंची पडद्यावर, टीव्हीसाठी आखलेली बारीक अक्षरं मोठ्यांनाही वाचवत नाहीत. शक्य असेल तेव्हा गेम टीव्हीला किंवा लॅपटॉपला जोडून द्या. नकाशावरचा बाण आणि खुणा बंद करता येत असतील तर काही दिवसांनी त्याही बंद करून पाहा, मात्र मुलाला विचारून. न विचारता केलेला बदल मुलांना शिक्षा वाटतो.

पात्रं आवाजात बोलत असतील तर उपशीर्षकं सुरू ठेवा, आणि ती आवाजाच्याच भाषेत ठेवा. ही साधी गोष्ट फार गुणाची आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६मध्ये ही कल्पना मांडली. गाणं ज्या भाषेत चाललंय त्याच भाषेत त्याचे शब्द खाली दिसले, तर प्रेक्षक न ठरवताही वाचत जातात. १९९९मध्ये गुजराती 'चित्रगीत'वर आणि २००२मध्ये दूरदर्शनच्या 'चित्रहार'वर ती प्रत्यक्षात आली. कानावर पडलेला शब्द त्याच क्षणी डोळ्यांना दिसतो, हे तिचं बळ. गेममध्ये हेच बळ फुकट मिळतं, फक्त एक खूण करायची असते.

पात्रं वाटून घ्या

आपल्याकडे नाट्यवाचनाची परंपरा आहे. पाच-सहा जण गोल बसतात, पात्रं वाटून घेतात आणि वाचतात. गेमला ती तंतोतंत लागू पडते. मूल नायक, तुम्ही बाकीचं गाव. दुकानदाराचा सूर खर्जातला, म्हातारीचा थरथरता, राक्षसाचा मुलालाच देऊन टाका. सुरुवातीला जास्त तुम्ही वाचा. इंग्रजी संवाद असेल तर वाचून लगेच मराठीत सांगा आणि मुलालाही तसं करू द्या. त्यानं केलेलं भाषांतर ओबडधोबड असलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. शब्दच अडला तर शब्दकोश पाहा. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानानं २०१६मध्ये सुरू केलेल्या 'भारतवाणी'वर भारतीय भाषांमधले कोश मोफत मिळतात.

काही दिवसांनी तुम्ही मधूनच वाचणं थांबवा. भाजी निवडायला घ्या, फोन घ्या. पुढची चौकट समोर आहे आणि गोष्ट रंगात आली आहे, अशा वेळी मूल स्वतः वाचायला लागतं. माझ्या ओळखीच्या एका घरात कुवेंपुनगरची अकरा वर्षांची मुलगी आधी आईला हाका मारायची, मग धाकट्या भावाला वाचून दाखवायला लागली, कारण तो विचारून विचारून तिला भंडावून सोडायचा. अजून न वाचणारं भावंड शेजारी असणं ही मोठीच सोय आहे. तिचा उपयोग करून घ्या.

एक पथ्य मात्र कटाक्षानं पाळा. 'काय समजलं सांग' असं विचारू नका. त्यानं गेमचा वर्ग होतो आणि मूल खोलीचं दार लावून खेळायला लागतं. विचारायचंच असेल तर "मग आपण आता काय करायचं?" असं विचारा. त्याचं उत्तर देण्यासाठी मुलाला वाचलेलं वापरावं लागतं, आणि तुम्हाला त्यापलीकडे काही तपासायची गरजही नाही.

कोणते गेम

सगळ्यात आधी मी 'स्टारड्यू व्हॅली' सुचवते. २०१६चा हा गेम शेतीचा आहे, मोबाइलवरही मिळतो, आणि एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागत नाही. पात्रं बोलत नाहीत, सगळं लिहिलेलं. सुरुवातच आजोबांच्या पत्रानं होते. यात वाचणं हीच चाल कशी होते ते एका उदाहरणात सांगते. वसंतात फ्लॉवरचं बियाणं विकत मिळतं. त्याच्या वर्णनात लिहिलेलं असतं की पीक यायला १२ दिवस लागतात. गेममधला ऋतू २८ दिवसांचा, आणि ऋतू बदलला की त्या ऋतूचं पीक मरतं. न वाचणारं मूल २० तारखेला सगळे पैसे फ्लॉवरमध्ये घालतं, रोज इमानानं पाणी घालतं, आणि उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी शेतात वाळलेली रोपं उभी दिसतात. कोणीही रागावत नाही. फक्त पुढच्या वेळी बियाणं घेताना मूल थांबतं, वाचतं आणि बोटांवर दिवस मोजतं. टीव्हीवर उद्याचं हवामान लिहून येतं. पाऊस असेल तर सकाळी पाणी घालायचं काम वाचतं आणि तो वेळ मासेमारीला मिळतो. टपालपेटीत पत्रं येतात. गावकऱ्यांच्या बोलण्यातून कोणाला काय आवडतं ते कळतं. दोन-तीन आठवड्यांत, बाण नसतानाही गाव पाठ होतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी 'वेन्बा' हा २०२३चा छोटा गेम आहे, टोरंटोच्या व्हिसाई गेम्सनं केलेला. १९८८मध्ये तमिळनाडूतून कॅनडात गेलेल्या कुटुंबाची गोष्ट. आईच्या जुन्या पाककृतींच्या वहीतली पानं फाटलेली, अक्षरं पुसट झालेली, आणि त्यावरून पदार्थ जमवायचा. पहिलाच पदार्थ इडली! उरलेल्या अक्षरांवरून पुसलेलं काय असेल त्याचा अंदाज बांधायचा, म्हणजे वाचनाचं मर्मच. गोष्ट हळवी आहे, परक्या देशात मुलाची आईबापांच्या भाषेशी होणारी ताटातूट तिच्यात आहे. मराठी मुलुखाबाहेर वाढणाऱ्या मुलांबरोबर बसून खेळावा असा हा गेम आहे. मला स्वतःला तो फार आवडतो.

इंग्रजीचीच भीती बसलेल्या मुलाला 'चांट्स ऑफ सेनार' द्या. हाही २०२३चा. एका मनोऱ्यात वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक राहतात. त्यांच्या चिन्हांचे अर्थ पाट्यांवरून आणि हावभावांवरून ओळखायचे, वहीत लिहायचे, आणि अंदाज बरोबर असेल तर ते पक्के होतात. इथे सगळेच निरक्षर म्हणून सुरू होतात, त्यामुळे वाचनात मागे पडलेल्या मुलाला पहिल्यांदाच बरोबरीनं धावता येतं. गाव बदलून नुकत्याच म्हैसूरला आलेल्या आणि दुकानांच्या कन्नड पाट्या जुळवत वाचणाऱ्या मराठी मुलांना हा खेळ शिकवावाही लागत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२०मधला 'राजी' देखणा आहे आणि आपल्या पुराणांशी जोडलेला आहे, म्हणून मुलांना दाखवावा. पण त्याची गोष्ट मुख्यतः कानांनी ऐकायची, वाचनासाठी त्याचा फार उपयोग नाही. 'डिस्को एलिसियम'सारखे लाखो शब्दांचे गेम मोठ्यांसाठी आहेत. गेमवर छापलेलं वय पाहूनच निवडा.

आणि ज्या गेममध्ये वाचून काही मिळत नाही, तिथे मुलाला खुशाल न वाचता पुढे जाऊ द्या. क्रिकेटच्या किंवा गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये समालोचकाची तीच तीच वाक्यं कोण वाचणार? नको ते गाळता येणं हाही वाचनाचाच भाग आहे.

गाळू नये अशा चौकटी मात्र सगळ्याच गेममध्ये असतात, आणि नेमक्या त्याच मुलं त्याच सवयीनं दाबून टाकतात. पैशाची चौकट, परवानगीची चौकट, अनोळखी खेळाडूकडून आलेला निरोप. जो अंगठा म्हाताऱ्याचं बोलणं उडवून लावतो तोच 'खरेदी करा'वर पडतो. ॲप स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं सेटिंग करा आणि यूपीआयचा पिन मुलाला सांगू नका. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, पण ती चौकट मुलानंच न वाचता दाबली तर तरतुदीचा काय उपयोग? घरात एक नियम ठेवा. आकडा, रुपयाचं चिन्ह किंवा परवानगी मागणारा शब्द दिसला, की हात वर करायचा आणि मोठ्यानं वाचायचं.

मूल लिहितं तेव्हा

न वाचणाऱ्या मुलावर मी पाहिलेला सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे त्याला स्वतःचा अक्षरांचा गेम करायला बसवणं. त्यासाठी 'ट्वाइन' नावाचं मोफत साधन आहे. ख्रिस क्लिमस यांनी ते २००९मध्ये आणलं. ब्राउझरमध्येच चालतं, प्रोग्रामिंग यायला लागत नाही आणि देवनागरीत लिहिता येतं. एका चौकोनात प्रसंग लिहायचा. खाली दुहेरी चौकोनी कंसांत पुढचा पर्याय लिहिला की त्या नावाचा नवा चौकोन आपोआप तयार होतो.

पहिला विषय ओळखीच्या जागेचा द्या. म्हैसूरच्या मुलांना मी चामुंडी टेकडीच्या हजार पायऱ्या देते. पायथ्याशी तू उभा आहेस. पाणी बरोबर घ्यायचं की नाही? मध्ये मोठा नंदी लागतो. तिथे थांबायचं, की पुढे जायचं? माकडानं पिशवी ओढली तर? मुलाला मराठीतच लिहू द्या, ऱ्हस्व-दीर्घ चुकले तरी तूर्त चालतील. आठ-दहा चौकोन झाले की दुसऱ्या मुलाला खेळायला द्या. तो न वाचता भराभर दाबत सुटतो आणि लिहिणारा शेजारून ओरडतो, "अरे वाच ना! पाणी घेतलं नाहीस तर नंदीपाशी चक्कर येते!" मग लिहिणारा परत बसतो आणि आपली वाक्यं तोडून लहान करतो, पहिल्याच ओळीत काहीतरी अडकवणारं घालतो. गेममधला मजकूर कोणी तरी कोणासाठी तरी लिहिलेला असतो, हे त्याला तिथे कळतं आणि इतरांच्या गेममधल्या चौकटींकडे तो वेगळ्या नजरेनं पाहू लागतो.

तयार गेम एचटीएमएल फाइल म्हणून उतरवून घेता येतो. ती लॅपटॉपवर थेट उघडते. गावाकडे आजी-आजोबांना फोनवर पाठवलीत तर काही फोनमध्ये ती नुसत्या दाखवण्याच्या चौकटीत उघडते आणि पर्याय दाबले जात नाहीत. तसं झालं तर फाइल आधी फोनमध्ये साठवायला आणि मग ब्राउझरमधून उघडायला सांगा.